नऊ वाजताचं रीडिंग

माझी शेवटची पोस्टिंग मीच मला दिली. ठिकाण, बुऱ्हाणपूर, लालबाग, माझ्याच घराची गच्चीवरची खोली. सामान, एक व्हीएचएफ रेडिओ सेट, दोन बॅटऱ्या, भिंतीवर घड्याळ आणि टेबलावर लॉग बुक. काम एवढंच, की तापीला पूर आला आणि फोन बंद पडले, तर वरच्या गावाची खबर शहरापर्यंत पोचवायची. वर्दी नव्हती, हुकूम नव्हता. नाव होतं कम्युनिटी इमर्जन्सी रेडिओ ऑपरेटर. घरात या नावाला कोणी विचारत नव्हतं. निर्मला, माझी बायको, त्याला 'वरची बडबड' म्हणायची.

मी सुभेदार वसंत महाजन, निवृत्त. सैन्याच्या सिग्नल्समध्ये अठ्ठावीस वर्षं काढली. वडील जळगावकडून इकडे कागद कारखान्यात नोकरीला आले, म्हणून आम्ही मध्य प्रदेशचे झालो. घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि रागावल्यावर दोन्ही.

स्वभाव सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यामुळेच घडलं. मी संशयी माणूस आहे. कोणी 'सब ठीक' म्हटलं की माझे कान टवकारतात. निर्मला लोकांना सांगते, "हे दूधवाल्यालाही पासवर्ड विचारतील." लोक हसतात. मीही हसतो, पण दूध मोजून घेतो.

हा स्वभाव जन्माचा नाही, नोकरीतला आहे. उत्तरेतल्या एका उंच चौकीवर मी हवालदार होतो. खालच्या बंकरपासून वरच्या चौकीपर्यंत टेलिफोनची तार होती. दर चार तासांनी लाइनमनने ती तार पायी चालून तपासायची आणि 'लाइन ठीक' असा रिपोर्ट द्यायचा. एका दुपारी बर्फ पडत होता. लाइनमनने शेगडीजवळ बसूनच रिपोर्ट दिला. मी तो लॉगमध्ये लिहिला, सही केली. तार तेव्हा तुटलेली होती. वरच्या चौकीत नाईक हरपालच्या पोटात दुखायला लागलं होतं, आणि ते सांगायला तार नव्हती. आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला होता. त्या दिवसापासून मी ऐकलेल्या रिपोर्टवर सही करत नाही. आधी विचारतो, कोण गेलं होतं, किती वाजता गेलं, काय पाहिलं.

आमच्या नेटवर, म्हणजे रेडिओच्या जाळ्यावर, तीन स्टेशनं होती. स्टेशन एक मी. स्टेशन दोन वर, तुकईथडकडे, नदीला लागून असलेल्या केळीच्या शेतात. स्टेशन तीन राजपुऱ्यात. तिथे सुनंदाताई वॉकीटॉकी सांभाळायच्या. त्या अंगणवाडीत शिकवतात आणि घाटाजवळच्या खालच्या वस्तीतलं प्रत्येक घर त्यांना माहीत आहे, कोण म्हातारं आहे, कोण बाळंतीण आहे, कोणाला उचलूनच न्यावं लागेल. मधल्या टेकडीवर रिपीटर बसवला होता, त्यामुळे तिघांचा आवाज एकमेकांना ऐकू यायचा. चौथा सेट जिल्ह्याच्या पूर कंट्रोल रूममध्ये. दर रविवारी सकाळी आठला नेट उघडायचं आणि पावसाळ्यात रोज.

वरून निघालेलं पाणी शहराच्या घाटाला लागायला साधारण साडेतीन तास घेतं. म्हणजे स्टेशन दोनने वेळेवर खबर दिली तर शहराला साडेतीन तास मिळतात. सगळा खेळ त्या साडेतीन तासांचा होता.

पण कंट्रोल रूमची एक अट होती. आदल्या पावसाळ्यात कोणीतरी मोबाइलवर फिरवलं की धरणाचे दरवाजे उघडले. लोक पळाले, एका म्हातारीचं कंबरेचं हाड मोडलं, आणि पाणी आलंच नाही. तेव्हापासून कंट्रोलमधले साहेब मला भेटले की एकच सांगायचे, "सुभेदारजी, जो भी देना, पक्का देना." मी म्हणायचो, "साहेब, कच्चं माझ्याकडून निघतच नाही." हे मी अभिमानाने म्हणायचो.

मी एसओपी, म्हणजे कामाची नियमावली, लिहिली. पानभर. त्यातला चौथा मुद्दा माझा लाडका होता. रीडिंग पाणी मोजायच्या पट्टीजवळ स्वतः पायी जाऊन, हात पुरेल इतक्या अंतरावरून घ्यावं, लांबून नाही. हरपालच्या आठवणीने तो लिहिला होता, पण तसं कोणाला सांगितलं नव्हतं.

स्टेशन दोनचा ऑपरेटर दिनकर चौधरी. वय पन्नाशी ओलांडलेलं. केळीची बाग, आणि घराच्या पडवीत मोटार बांधायचं छोटं दुकान. गावातले सगळे पंप त्याच्या हातून गेलेले. परीक्षा देऊन लायसन्स काढलं, अँटेना स्वतः उभा केला. माणूस हुशार, पण रेडिओवर बोलायची शिस्त शून्य. मी म्हणायचो, "स्टेशन दोन, रिपोर्ट, ओव्हर." तो म्हणायचा, "राम राम साहेब. आज भरताचे वांगे तोडले. तुमच्यासाठी ठेवू का? पानी अकरा फूट." ओव्हर म्हणायला विसरायचा. मग आम्ही दोघं गप्प, एकमेकांची वाट बघत. सुनंदाताई मध्ये हसायच्या, तेही ऑन एअर.

मी एकदा त्याला सुनावलं, "दिनकर, नेटवर भाजी नको."

"बरं साहेब. भाजी नेटवर नाही, एसटीनं पाठवतो. ओव्हर."

वांगी खरंच आली. छान होती. मी तरी त्यावरून त्याला चांगला ऑपरेटर मानायला तयार नव्हतो.

संशय कशावरून आला ते सांगतो. पट्टी होती नदीकाठच्या बंद पडलेल्या जॅकवेलवर. जॅकवेल म्हणजे नदीतून पाणी उपसायची गोल सिमेंटची विहीर. तिच्यावर फुटांच्या खुणा आम्हीच रंगवल्या होत्या. दिनकरच्या घरापासून जॅकवेलपर्यंत बागेतून उतरायला सहा मिनिटं लागतात, चढून यायला आठ. हे मी घड्याळ लावून चाललो होतो. रेडिओ घरात. त्याच्याकडे वॉकीटॉकी नव्हता. मग आठ वाजताचं रीडिंग त्याने आठ वाजून आठ मिनिटांनी द्यायला हवं. तो बरोब्बर आठला द्यायचा. मी विचारायचो, "रीडिंगची वेळ?" तो म्हणायचा, "आठ वाजून शून्य." माणूस एकाच वेळी नदीवर आणि घरात असू शकत नाही. मी लॉगमध्ये त्याच्या आकड्यापुढे लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायला लागलो. दीड महिन्यात पानं लाल झाली.

सरळ विचारायचं होतं. विचारलं नाही. चोराला आवाज दिला की चोर सावध होतो, अशी माझी शिकवण. मी न कळवता एका सकाळी मोटरसायकलने त्याच्या मळ्यात गेलो.

तो पडवीत खाटेवर बसला होता. पायांवर टॉवेल. पाहुणा दारात आला तरी उठला नाही. "या साहेब, या" म्हणाला, पण बसल्या जागेवरून. मला ते आवडलं नाही. कमलवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, चहा दिला. मी म्हटलं, "जरा पट्टी बघून येतो." तो गडबडला. "चिखल आहे साहेब, कायले जाता?" मग तर मी गेलोच.

खाली उतरायच्या पायवाटेवर गुडघाभर गवत होतं. त्यावरून कित्येक दिवसांत कोणी चाललेलं नव्हतं. मी तिथे उभा राहून ते गवत बघितलं आणि मला शेगडीजवळ बसलेला लाइनमन दिसला. जॅकवेलवरच्या खुणा मात्र नव्याने रंगवलेल्या होत्या, काळ्या-पांढऱ्या, हातभर जाड. परत येऊन विचारलं, "रंग कोणी दिला?"

"मजुराकडून देवून घेतला."

"रंगवायला मजूर आहे. वाचायला कोण जातं?"

त्याने पायांवरचा टॉवेल नीट केला. मग म्हणाला, "रीडिंग चुकलं का साहेब कधी?"

"मी ते विचारलं नाही."

"मग चुकलं नाही ना."

मी चहा अर्धा ठेवून उठलो. मनात ठरवलं, पावसाळा संपला की सेट याच्याकडून काढायचा. वहिनी दारापर्यंत आल्या, काहीतरी सांगायचं होतं त्यांना. दिनकरने आतून हाक मारली, त्या थांबल्या. मी गाडीला किक मारली.

पुढच्या पंधरवड्यात तो दिवस आला. आदल्या संध्याकाळपासून वरच्या डोंगरात पाऊस. पहाटे वीज गेली. आमच्या शहरात वीज गेली हे दिव्यावरून नाही, पॉवरलूमच्या खटक्यावरून कळतं. खटका थांबला की शहर अचानक बहिरं झाल्यासारखं वाटतं. मोबाइलचे टॉवर थोड्या वेळाने पडले. सहा वाजता मी नेट उघडलं.

०६००. स्टेशन दोन, बारा फूट. स्टेशन तीन, घाट ठीक.

०७००. स्टेशन दोन, चौदा फूट. लोक घाटावर पाणी बघायला जमलेत, सुनंदाताईंनी कळवलं. त्यांना हटवायला सांगितलं.

०८००. स्टेशन दोन, सोळा फूट. बरोब्बर आठला. बारा, चौदा, सोळा. शाळेतल्या पाढ्यासारखं. मी प्रश्नचिन्ह काढलं आणि खाली रेघही मारली.

०९००.

"स्टेशन एक, स्टेशन दोन. साहेब, सव्वीस फूट. एकदम चढलं. सव्वीस. ओव्हर."

या वेळी तो ओव्हर विसरला नाही. भाजी नाही, राम राम नाही. मला तेही संशयास्पद वाटलं.

एका तासात दहा फूट. माझ्या हिशेबात दोन शक्यता होत्या. एक, पाणी खरंच चढलं. दोन, हा माणूस तासभर झोपला, कोणाच्या तोंडून काहीतरी ऐकलं आणि घाबरून आकडा फेकला. मी दुसरी शक्यता निवडली. निवडताना मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. वाटलं, आता सापडला.

कंट्रोलने ऐकलं होतं. "स्टेशन एक, कंट्रोल. छब्बीस पक्का है?"

"कंट्रोल, वेट. व्हेरिफाय करता हूँ. ओव्हर."

"जल्दी. पक्का हो तो ही सायरन देंगे. ओव्हर."

०९०६. "स्टेशन दोन, व्हेरिफाय. पट्टीजवळ जा. हात पुरेल इतक्या अंतरावरून वाच. ओव्हर."

"साहेब, वाचलं ना मी. सव्वीस."

"कुठून वाचलं?"

मी पुन्हा बटण दाबलं.

"स्टेशन दोन, कुठून वाचलं? ओव्हर."

"साहेब, आता वेळ नका घालवू. पानी खरं आहे."

सुनंदाताई मध्ये आल्या. "स्टेशन एक, मी तीन. भाऊ खोटं कायले बोलतील? इकडे दीडशे लोक खाली आहेत. मी उठवू का त्यांना? ओव्हर."

"स्टेशन तीन, नेट मोकळं ठेवा. माझ्या सांगण्याशिवाय कोणाला हलवायचं नाही. ओव्हर."

मग मी तो शब्द वापरला जो मला सिव्हिल माणसावर वापरायचा अधिकार नव्हता. "दिनकर, ऑर्डर आहे. जा आणि वाच. ओव्हर."

०९०८. "विल्को."

विल्को म्हणजे समजलं आणि तसं करतो. हा शब्द मीच त्याला शिकवला होता. त्याने तो पहिल्यांदा वापरला.

चौदा मिनिटं जायला-यायला. ०९२२ला तो परत यायला हवा होता. ०९२५ला मी हाक मारली. ०९३०ला मारली. ०९३५ला. कंट्रोलने दोनदा विचारलं, मी दोनदा 'वेट' म्हटलं. सुनंदाताईंचं प्रेसल, म्हणजे बोलायचं बटण, दाबलं गेल्याचा आवाज आला. बहुतेक बोलायला गेल्या आणि थांबल्या.

०९४२ला स्टेशन दोनवरून बाईचा आवाज आला. कमलवहिनी. त्यांनी आधी कधी सेटला हात लावला नव्हता. बटण दाबून मग सोडायचं हे त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे आवाज तुटत होता.

"...खाली गेले. आले नाहीत. पानी केळीत घुसलं. कोणी आहे का तिथं?"

"वहिनी, मी महाजन. केळीत कुठपर्यंत?"

"तिसऱ्या ओळीत. नाही, चौथ्या."

आता ऐका मी काय केलं होतं. पहिल्यांदा खुणा रंगवल्या त्या दिवशी मी स्वतः गवंड्याची लेव्हलची नळी लावून पातळी घेतली होती. केळीच्या सगळ्यात खालच्या ओळीचा बुंधा आणि पट्टीवरची पंचवीस फुटांची खूण एका रेषेत आहे. माझ्या लॉगच्या पहिल्या पानावर ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. नऊ वाजता मी दिनकरला एकच विचारायचं होतं, पाणी केळीत आलं का? तो घरातूनच हो म्हणाला असता आणि सव्वीस फूट जागच्या जागी पक्के झाले असते. नदीकडे कोणालाही पाठवायची गरज नव्हती. पण मला रीडिंग पक्कं करायचंच नव्हतं. मला माणूस पकडायचा होता.

०९४३. "कंट्रोल, स्टेशन एक. सव्वीस फूट नऊ वाजता. पक्की खबर. आता त्याहून जास्त. घाट आणि खालची वस्ती रिकामी करा. ओव्हर."

"रॉजर. सायरन दे रहे हैं."

"स्टेशन तीन, उठवा सगळ्यांना."

"उठवतेय," सुनंदाताई म्हणाल्या. त्यांनी रॉजर म्हटलं नाही आणि मी दुरुस्त केलं नाही.

वहिनींना मी सांगितलं की घर सोडून खाली जाऊ नका. त्यांनी विचारलं, "मग त्यांना कोण बघेल?" माझ्याकडे पाठवायला कोणी नव्हतं. तुकईथडचा रस्ता पाण्याखाली होता. मी कंट्रोलला बोट मागितली, त्यांनी नोंद घेतली, बोट दुपारनंतर निघाली. तोपर्यंत दर पंधरा मिनिटांनी मी स्टेशन दोनला हाक मारत होतो आणि दर वेळी वहिनी सांगत होत्या, "नाही आले."

१२३० वाजता पाणी घाटाच्या वरच्या पायरीला लागलं, आणि नंतरच्या अर्ध्या तासात वस्तीत शिरलं. तेव्हा तिथे कोणी नव्हतं. सुनंदाताईंनी दोन घरांतली माणसं ताटावरून उठवली होती. एका आजोबांना खुर्चीसकट उचलून शहराच्या कोटाच्या दरवाजाच्या आत आणलं. शेवटचं घर १२१० ला रिकामं झालं. वीस मिनिटं उरली होती. मी त्रेचाळीस मिनिटं घालवली होती. आणखी वीस घालवली असती तर काय झालं असतं, याचा हिशेब मी केलाय. पुन्हा करत नाही.

शहरात कोणी गेलं नाही. दिनकर दुसऱ्या दिवशी सापडला, मळ्याच्या खाली तीन किलोमीटरवर, बाभळीच्या झुडपात अडकलेला.

तो लांबून कसा वाचत होता ते मला त्याच्या दहाव्याला कळलं. साखरेच्या आजाराने उन्हाळ्यात त्याच्या उजव्या पायाची तीन बोटं काढली होती. चिखलात उतरता येत नव्हतं. म्हणून त्याने खुणा हातभर जाड रंगवून घेतल्या, एक जुनी दुर्बीण मिळवली आणि गच्चीवरून रीडिंग घ्यायला लागला. गच्चीवरून खाली खोलीत रेडिओपर्यंत वायर ओढून माइक वर घेतला होता. म्हणून आठचं रीडिंग आठला यायचं. त्याची पद्धत माझ्यापेक्षा जलद होती आणि जास्त सुरक्षित. पूर आलेला असताना माणसाला नदीच्या कडेला पाठवणारा चौथा मुद्दा मूर्खपणाचा होता. सिग्नल्सच्या माणसाने लिहिलेला मूर्खपणा.

कंट्रोलमधले साहेब भले माणूस. त्यांनी मला कार्यालयात बोलावलं आणि म्हणाले, "सुभेदारजी, आपने व्हेरिफाय कराया, तभी हम सायरन दे सके. बहुत अच्छा काम." मृत्यूच्या रिपोर्टवर त्यांनी लिहून ठेवलं होतं, रीडिंग घेताना पाय घसरून. मी म्हटलं, "साहेब, पाय घसरला असेल. पण तो तिथे माझ्या हुकमावरून गेला. त्याचं पहिलं रीडिंग बरोबर होतं. हे लिहा."

"उससे क्या होगा? फाइल में सवाल आएँगे."

"येऊ द्या."

त्यांनी पेन उघडलं आणि एक ओळ वाढवली. त्या ओळीत हुकूम हा शब्द नाही. सूचना आहे.

मग मी वहिनींकडे गेलो. या वेळी मोटरसायकल लांब ठेवून चालत गेलो. वाटेत बोलायचं ठरवत होतो. सत्कार, शाल, असले शब्द मनात येत होते ते झटकत होतो. त्या पडवीत बसल्या होत्या, दिनकरच्या खाटेशेजारी खाली. सेट आत टेबलावर झाकून ठेवला होता.

मी म्हटलं, "वहिनी, त्यांना मी पाठवलं."

"मले माहीत आहे. रेडिओ चालू होता, मी तिथंच उभी होती. मी म्हटलं, नका जाऊ. ते म्हणे, साहेबाले खोटं वाटून राह्यलं, एकदा जाऊन येतो म्हणजे मिटेल. चप्पल पायात बसत नव्हती. दोरीनं बांधून मीच दिली."

बाहेर केळीचे आडवे पडलेले खांब मजूर ओढून काढत होते.

"त्यांनी मला पायाचं का सांगितलं नाही?"

"सांगितलं तर साहेब रेडिओ घेऊन जातील, म्हणत होते. त्या दिवशी तुम्ही आले तेव्हा मी सांगणार होती. त्यांनी हाक मारली." मग विचारलं, "घेऊन गेले असते ना?"

मी खरं बोललो. "हो. घेऊन गेलो असतो."

त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "वहिनी, त्यांचं रीडिंग बरोबर होतं. पहिल्यापासून सगळी बरोबर होती. मी लॉग तपासला."

"हे मले काय सांगता?" त्या म्हणाल्या. "हे त्यांले सांगायचं होतं."

मी उठलो. जाताना त्यांनी सेटचं विचारलं. मी म्हटलं, इथेच राहील, दुर्बिणीसकट. बटण कधी दाबायचं आणि कधी सोडायचं ते शिकवलं. त्यांना ते एकदाच सांगावं लागलं.

पुढच्या रविवारी आठ वाजता मी नेट उघडलं. स्टेशन तीन हजर. कंट्रोल हजर. स्टेशन दोनला हाक मारण्याआधी मी प्रेसल दाबून धरलं.

"स्टेशन दोन, दिनकर चौधरी. स्टेशन एक. पुराच्या दिवसाचं तुमचं नऊ वाजताचं रीडिंग, सव्वीस फूट, बरोबर होतं. तुम्ही खोटं बोलला नाहीत. चूक स्टेशन एकची. ओव्हर."

मी प्रेसल सोडलं आणि नियमाप्रमाणे उत्तराची वाट बघितली. एक मिनिट सगळ्यांनी नेट मोकळं ठेवलं.